चाळीस ग्रॅमच्या पांढऱ्या ओढणीबाबत

प्रति,
मा. सरकारी वकील,
जिल्हा न्यायालय, सेरगोल.

विषय : माझा अभिप्राय रद्द करून प्रत्यक्षदर्शी साक्ष नोंदवून घेणेबाबत.
संदर्भ : १) बिनेफ्श आल्तुन यांचे तुरुंगातून आलेले पत्र (अनुत्तरित). २) माझा अभिप्राय, दि. ३ मार्च.

महोदय,

१. संदर्भीय पत्र माझ्याकडे पाच महिने पडून आहे. त्यात एवढेच आहे : "मामोस्ते (गुरुजी), लहानपणी तुम्हीच मला पुस्तकं दिलीत. ओढणीचं काय ते एका कागदावर लिहून द्या. भीती वाटत असेल तर तसं लिहा, मी रागावणार नाही." भीती वाटत होती. तेही मी लिहिले नाही.

२. बिनेफ्शने मार खाऊन आलेल्या बायकांसाठी घर चालवले, चौदा वर्षांच्या मुलींची लग्ने थांबवली आणि कोणत्याच बाजूच्या बंदुकीला बरे म्हटले नाही. गेल्या वर्षीच्या वसंतात पुलावर जवान आणि डोंगरातली हत्यारबंद मुले समोरासमोर आली, तेव्हा तिने डोक्यावरची पांढरी ओढणी काढून मध्ये टाकली. आम्हा कुर्दांत बाईने असे केले की पुरुषांनी हत्यार खाली घ्यायचे असते. दोघांनीही घेतले. त्या दिवशी कोणी मेले नाही. आरोपपत्रात हा 'जवानांवर वस्तू फेकून हल्ला' आहे. वस्तूचे वजन चाळीस ग्रॅम. तीत स्फोटके आहेत का, हे दोनदा तपासले गेले.

३. अशी प्रथा आहे काय, असे आपल्या कार्यालयाने मला निवृत्त ग्रंथपाल म्हणून विचारले. मी एकोणीस ग्रंथ चाळून 'छापील उल्लेख आढळला नाही' असे लिहिले. आपल्या कारकुनाने त्याचे 'अशी प्रथा नाही' केले आणि म्हणाला, "बरं झालं काका. नाहीतर उद्या कुणी दगड मारून म्हणेल, आजीची रीत आहे." मी हसलो. आपल्या कार्यालयाची किळस येते, असे लिहायला बसलो होतो. पण आधी ते हसू आठवते.

४. मी सात वर्षांचा असताना पाटाच्या पाण्यावरून वडिलांनी शेजाऱ्यावर बंदूक रोखली होती. आईने ओढणी टाकली. वडील बंदूक खाली करून घरी आले. आई म्हणाली, "आता जाऊन उचलून आणा. चिखलात पडलीय. धुवायचीही तुम्हीच." त्यांनी धुतली. हे ग्रंथांत नाही, कारण ग्रंथ लिहिणारे पाटावर नव्हते. मी होतो.

५. सुनावणी २१ तारखेला आहे आणि माझ्या एका ओळीवर तिला नऊ वर्षे होऊ शकतात. सबब ती ओळ काढावी व मला साक्षीस बोलवावे. छापील पुरावाच हवा असल्यास हा अर्ज छापून घ्यावा.

उशिरा लिहिणारा,
मिर्झो कारादाग
दि. ९ ऑगस्ट

सोबत :
१) ओढणी धुणाऱ्या वडिलांचे नाव-गाव.
२) बिनेफ्शला पाठवलेल्या उत्तराची प्रत : "भीती वाटत होती. अजून वाटते. येतो."
३) त्या उत्तराची टपाल पावती, आज सकाळची.