फोटोच्या पोटातली वेळ

सोमवार, ८ डिसेंबर २०२५

प्रिय असुम्टा,

गुरुवार, सहा नोव्हेंबर, सकाळी आठ वाजून सत्तेचाळीस मिनिटं आणि बारा सेकंद. या वेळी तू खाडीकाठच्या, पक्षी बघायच्या आपल्या लपणात बसली होतीस, माझ्याशिवाय, आणि फिन्टनच्या त्या काळ्या धोंड्यासारख्या कॅमेऱ्याचं बटण दाबत होतीस. नाही म्हणू नकोस. आदल्या संध्याकाळी फोनवर मला काय सांगितलंस ते मला शब्दन् शब्द आठवतंय. "उद्या नको गं, डिम्फ्ना, दाताच्या डॉक्टरकडे जायचंय." दात म्हणे!

वर 'प्रिय' लिहिलंय ते शाळेतल्या सिस्टर बेनिग्नसच्या शिकवणीमुळे. रागाचं पत्र मायेच्या शब्दाने सुरू करावं, म्हणजे समोरच्याला पळायला वाट राहत नाही, असं ती म्हणायची. आणि हो, हे पत्र टाइप केलेलं आहे. टाइप केलेली पत्रं फक्त बँका आणि वकील पाठवतात, असं मी आयुष्यभर म्हणत आले, ते मला ठाऊक आहे. त्याबद्दल विचारू नकोस.

मला कसं कळलं ते आधी सांगते, नाहीतर फिन्टनने चुगली केली असं समजून तू त्या बिचाऱ्यावर डाफरशील. आपल्या क्लबच्या स्पर्धेचे फोटो कोणाकडे येतात? माझ्याकडे. नावं काढून, नुसते आकडे घालून ते परीक्षकापुढे कोण ठेवतं? मीच. डिसेंबरच्या स्पर्धेसाठी तू पाठवलेला फोटो मी अठ्ठावीस तारखेला दुपारी उघडला आणि उघडल्याक्षणी समजले की हा तुझ्या त्या छोट्या कॅमेऱ्याचा नाही. काळ्या मानेचे पाच हंस एकदम चिखलावरून उठलेत, प्रत्येक पीस वेगळं दिसतंय, पायांवरून निथळणारं पाणीसुद्धा. फोटोच्या पोटात काय काय लिहिलेलं असतं ते चिटणिसाने पाहायचं नसतं. मी पाहिलं. तारीख होती, वेळ होती, कॅमेऱ्याचं नाव होतं, आणि मालकाच्या रकान्यात अजूनही 'फिन्टन गेराटी'. वर फोटोचा अनुक्रमांक. तोही मी लक्षात ठेवला, कारण नोव्हेंबरच्या स्पर्धेसाठी तू पाठवलेला तो दवातला कोळी मी मग पुन्हा उघडला, आणि तोही त्याच कॅमेऱ्याचा निघाला. दोन्हीमध्ये दोन हजार एकशे चौदा फोटोंचं अंतर. दोन हजार एकशे चौदा वेळा तू बटण दाबलंस आणि एकदाही मला बोलली नाहीस. एखाद्या बाईला नवऱ्याच्या कोटात दुसऱ्या बाईचे हातमोजे सापडावेत, तसं मला झालं. नवरा मी केला नाही, तेव्हा हा अनुभव तुझ्यामुळे मिळाला. आभारी आहे.

आता ऑगस्टमध्ये ये. फिन्टनने क्लबच्या फळ्यावर चिठ्ठी लावली होती: पेपरात असताना वापरलेला कॅमेरा, बारा वर्षांचा, दोन बॅटऱ्या, चांगल्या घरी जावा. ती चिठ्ठी आधी कोणी वाचली? मी. तुझ्या स्वयंपाकघरात बसून, तुझा सोडाब्रेड खात, वहीच्या पानाला मधोमध रेघ कोणी मारली? मी. डावीकडे घेण्याची कारणं लिहिली. अंग धातूचं, पावसात भिजलं तरी फरक पडत नाही. डोळा लावायची खिडकी मोठी आणि लखलखीत. बटणं एवढी मोठी की हातमोजे घालून दाबता येतात. एका सेकंदात दहा फोटो. माझा कॅमेरा मात्र बटण दाबल्यावर आधी विचार करतो, तोवर हंस डोनेगलला पोचलेला असतो. उजवीकडे न घेण्याची. वजन दीड किलो, त्यात लेन्सचं वेगळं. सोळाच मेगापिक्सेल, हल्ली पोरांच्या फोनमध्ये त्याहून जास्त असतात. शटर दोन लाख तीस हजार वेळा पडून झालेलं, चार लाखांना ते मान टाकतं म्हणतात. मी म्हटलं, "असुम्टा, चार लाखांत अजून एक लाख सत्तर हजार बाकी आहेत. आपल्या दोघींमध्ये तेवढे दिवस नाहीत." तू हसलीस. मग किटलीकडे वळून, माझ्याकडे पाठ करून म्हणालीस, "बाई गं, एकाहत्तराव्या वर्षी दीड किलोचं लोखंड गळ्यात? त्यापेक्षा धक्क्यावरून सरळ उडी मार, पोहायला येत नाहीच तुला."

मी हसून वही मिटली. फिन्टनला नाही म्हणून कळवलं. आणि तू? आठवड्याभरात त्याच्या दारात!

तुला काही तरी मिळावं आणि मला तुझ्यामागे काही तरी धरून चालावं लागावं, ही जुनीच रीत आहे म्हणा. अडुसष्ट सालच्या मे महिन्यातली मिरवणूक आठव. पवित्र मातेच्या मूर्तीला फुलांचा मुकुट घालायला सिस्टर बेनिग्नसने तुला निवडलं, कारण तू उंच. मुकुटाची उशी धरून मागे मी. भक्तिगीतं मला सगळी पाठ, तू नुसते ओठ हलवत होतीस, मला मागून दिसत होतं. मुकुट मूर्तीच्या एका कानावर घसरला तरी सगळ्या आया तुझ्याकडे पाहून डोळे पुसत होत्या. माझी आई म्हणाली, "उशी छान धरलीस हं." सत्तावन्न वर्षं झाली. ती उशी अजून खाली ठेवलेली नाही मी.

आणि गेल्या आठवड्यातला मंगळवार. क्लबमध्ये परीक्षक बोलत असताना फोटोच्या मालकाने तोंड उघडायचं नाही हा आपला नियम, म्हणून मी तीन खुर्च्या सोडून दगडासारखी बसले. गॉलवेहून आलेला तो मफलरवाला गृहस्थ आधी माझ्या रॉबिनपाशी थांबला. चष्मा वर केला, खाली केला. "पक्षी गोड आहे. पण किंचित हललाय." पुढचा फोटो. तुझ्या हंसांपाशी मात्र उभाच राहिला. "ज्याने कोणी हा काढलाय," तो म्हणाला, "त्याला वाट बघणं माहीत आहे." वीसपैकी वीस! वाट बघणं! असुम्टा, तुला वाट बघणं माहीत आहे? लपणात पंधरा मिनिटं झाली की तुझं सँडविच निघतं. हंस उठायच्या आधी एक म्हातारी मादी मान ताठ करते, मग तिच्या शेजारची, आणि तिसरीने केली की मोजून दोन श्वासांत सगळे हवेत असतात. हे अकरा हिवाळे पाहून मी शोधलं आणि मी तुला सांगितलं. त्या फोटोतलं वाट बघणं माझं आहे. तू फक्त बटण दाबलंस.

फिन्टनने टाळ्या वाजवल्या त्या मी ऐकल्या. इतक्या त्याने लेकीच्या लग्नात वाजवल्या नसतील.

आता एक गोष्ट कबूल करते, कारण खोटा आरोप ठेवायचा नाही एवढं नन्सनी घोटून घेतलंय. काल तुझा फोटो पुन्हा पाहत होते (किती वेळा पाहिला ते विचारू नकोस) तेव्हा समुद्राच्या भिंतीची सावली दिसली. सावली थेट पाण्यापर्यंत गेली आहे. नोव्हेंबरात पावणेनऊला ती निम्म्या चिखलावरसुद्धा राहत नाही. म्हणजे घड्याळ चुकीचं. ऑक्टोबर संपताना सगळा देश घड्याळं तासभर मागे घेतो तेव्हा फिन्टनसारखा माणूस कॅमेऱ्याचंही घेईल ही अपेक्षाच चूक, आणि तुला ते कुठे असतं तेही माहीत नसणार. तर खरी वेळ सात सत्तेचाळीस. सूर्य नुकता वर आलेला. तिथून निघून नऊला दाताच्या डॉक्टरकडे आरामात पोचता येतं. तेव्हा दात खरा होता. तो आरोप मी मागे घेते. एवढा एकच.

पण मग दुसरा निघाला, त्याहून वाईट. सात सत्तेचाळीसला तू लपणात होतीस म्हणजे सव्वासातला माझ्या दारावरून गेलीस. दुसरा रस्ताच नाही. गुरुवार होता, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा म्हणून मी उठलेली होते, स्वयंपाकघरात दिवा होता. आणि आता मला आठवतंय, एक गाडी फाटकापाशी हळू झाली होती. थांबली नाही. हळू झाली, आणि गेली. पोस्टाची असेल म्हणून मी मान वळवली. त्या वेळी मी खिडकीत उभी राहून कोटाचं वरचं बटण लावत होते.

ते बटण लागत नव्हतं, असुम्टा. बराच वेळ लागत नव्हतं.

चाळीस वर्षं मी या जिल्ह्याची हाडं पाहिली. अंधाऱ्या खोलीत हजारो माणसांना म्हटलं, "हलू नका. श्वास रोखा." धूसर एक्स-रे समोर आला की यंत्राचा दोष कुठला आणि माणूस हलल्याचा कुठला, हे मी दारातून सांगायचे. आणि तीच मी वर्षभर माझे धूसर रॉबिन घेऊन बसले होते आणि म्हणत होते, कॅमेरा जुना झाला, कॅमेरा छोटा आहे, मोठा घेतला की होईल नीट. वहीच्या त्या पानावर डाव्या बाजूला एक कारण मी लिहिलंच नाही: जड कॅमेरा हातात कमी हलेल. आणि उजव्या बाजूलाही एक लिहिलं नाही, ते तू किटलीकडे तोंड करून गिळलंस. तू मला कप अर्धाच भरून देतेस, ते कधीपासून? माझ्या गाडीची बॅटरी ऑगस्टपासून बसली आहे असं मी सांगते, त्यावर तू एकदाही, "अगं, मग बदल की!" म्हणाली नाहीस. तुझ्यासारख्या आगाऊ बाईने गप्प राहावं यावरूनच मी ओळखायला हवं होतं.

गेल्या बुधवारी मी बसने मोठ्या इस्पितळात गेले. एका पोरसवद्या डॉक्टरीणबाईने मला रेषेवर लिहायला लावलं, बोटं जुळवायला लावली, दारापर्यंत चालून परत यायला लावलं आणि मग त्या आजाराचं नाव सांगितलं. नाव तू ओळखशील, तुझ्या मोठ्या भावाला तोच होता. गोळ्या आहेत, वर्षं आहेत, घाबरायचं कारण नाही म्हणाली. मी म्हटलं, घाबरले नाहीये, चिडलेय. हे अजून कोणालाच सांगितलेलं नाही. पहिल्यांदा तुला सांगतेय, ते तू लायक आहेस म्हणून नाही, दुसरं कोणी नाही म्हणून. आणि हे पत्र त्यासाठी आहे. कॅमेरा घेतलास ते मी माफ केलं नाही, पण करीन. वीसपैकी वीसही कधी तरी करीन. पण उजेडातल्या खिडकीत तू मला पाहिलंस, आणि माझी लाज राखायची म्हणून पुढे निघून गेलीस, ते माफ करणार नाही. मला दया नको, मला फाटकाशी हॉर्न हवा. तेव्हा माझी मागणी अशी. येत्या शनिवारी, तेरा तारखेला, दुपारी साडेबाराच्या सुमारास भरती आहे आणि हंस भिंतीला चिकटून येतील. तू अकरा वाजता फाटकापाशी थांबशील, नेहमीसारखा शेजाऱ्यांना शिव्या घालायला लावणारा हॉर्न वाजवशील, आणि कोट मला माझा मला घालू देशील, कितीही वेळ लागला तरी. लपणाच्या फळीवर तू शिवलेली ती तांदळाची पिशवी ठेवायची, तिच्यावर फिन्टनचा धोंडा, त्यामागे तू. मी शेजारी बसेन आणि म्हातारीची मान बघेन. तिसरी मान ताठ झाली की मी म्हणेन, "हलू नकोस. श्वास रोख," आणि तेव्हा तू बटण दाबायचं, त्याआधी नाही. सँडविच नंतर. त्या फोटोखाली दोन नावं जातील, माझं आधी. आणि जाण्यापूर्वी ते घड्याळ मागे घे. हे सगळं मान्य आहे की नाही ते लेखी कळव, हाताने लिहून, कारण तुझा हात अजून शाबूत आहे आणि त्याचाही मला हेवा वाटतो. उत्तर शुक्रवार, बारा डिसेंबर, दुपारी बाराच्या आत माझ्या दाराच्या फटीतून आत पडलेलं असलं पाहिजे. फोन केलास तर उचलणार नाही.

तुझीच, आणि अजून रागावलेली,
डिम्फ्ना