मोहाखालची झाडलेली जागा

माय,

आज घरी आलं ते असं: मिठाचा पुडा एक आणा, घासलेटची बाटली चार आणे, आणि विमानातून काढलेले आपल्याकडच्या जंगलाचे फोटो, ते फुकट. हे जंगलखात्यात नकाशे काढतात. रविवार म्हणून काम घरी आणलेलं. मी भात चुलीवर ठेवत होते, तर यांची हाक, "ये वं, तुझं माहेर पाहून घे."

एकाच जागेचे दोन फोटो. साध्यात सगळी झाडं सारखीच करडी. दुसरा वेगळ्या फिल्मवरचा, त्यात हिरवं पान पांढरं उमटतं अन् पाणी काळं. फोटो फाल्गुनातले, तेव्हा मोहाला पान नसतं, म्हणून त्या पांढऱ्या रानात मोह तेवढे काळपट उभे. आपलं तळं मी बांधाच्या पाळीवरून ओळखलं. मग नाल्यापलीकडे एकटा उभा असलेला तुझा मोह. तू गेल्यावर दादा चांद्याला राहायला आला, आता त्या झाडाकडे आपलं कुणी फिरकत नाही.

फुलं पडायच्या आधी सगळं गाव मोहाखालचा पाला जाळतं. तू जाळू द्यायची नाहीस. "बुडाले चटका लागते," म्हणायचीस आणि खराटा घेऊन वाकायचीस. एकदा पहाटे मी न झाडताच वेचायला लागले, तर माझ्या हातची टोपली ओढलीस. "काऊन वं, देवानं वरून टाकलं अन् तू कचऱ्यात झेलून राह्यली?" पहिली ओंजळ देवाची, मग आपली, हे तेव्हापासून माझ्या हाताला लागलं ते लागलं.

मग मी साधा फोटो भिंगाखाली धरला. गावातल्या मोहांखाली जळके काळे ठिपके. नाल्यापलीकडे मात्र एकाच झाडाखाली तिळाएवढा पांढरा गोल, लख्ख. भिंग हातातून सुटेना. हे हसून म्हणतात, "काऊन, सासूबाई दिसल्या काय?" भात खाली लागल्याचा वासही यांनाच आधी आला.

गावात शेजारच्या काकूला एक कार्ड टाकलं तर कोण झाडतं ते कळेल. कार्ड घरात आहे. टाकलं नाही. उत्तरात दुसऱ्या कुणाचं तरी नाव येईल, आणि मला तर देवापुढे बसले तरी तिथे वाकलेली तूच दिसते आहेस. म्हणून तुलाच विचारते. तो खराटा कुणाच्या हातात आहे, माय? परतीच्या टपालानं कळव.