बरोबरची खूण

६ जानेवारी २००३, सोमवार
संकल्प : यंदा दहावीच्या प्रिलिमचा गणिताचा पेपर महाडच्या प्रेसला द्यायचा नाही. टायपिंग मी, प्रिंट मी. संपूर्ण गुप्तता. हेडसर म्हणाले, जमलं तर शाळेचा कॉम्प्युटर विभाग तुमच्याकडे, नाहीतर उमैमा मॅडमकडे. जमणारच. तीन महिन्यांचा कोर्स केलाय, सर्टिफिकेट लॅमिनेट केलंय.

८ जानेवारी, दु. १२.४०
टायपिंग पूर्ण. कोणी डोकावलंच तर कळू नये म्हणून वर 'सराव' असं शीर्षक टाकलं. स्वतःचीच युक्ती. स्टाफरूमला आतून कडी घालून प्रिंट दिलं. शेजारचा प्रिंटर ढिम्म.

१२.५५
अकरा वेळा दिलं, दर वेळी चार प्रती. प्रिंटरला थोपटलंही. स्क्रीनवर दोन प्रिंटरांची नावं, एकावर बरोबरची खूण. वीस वर्षं पेपर तपासतोय, बरोबरची खूण कळते. हात लावला नाही. दिवाळीत मॅडमनी कॉम्प्युटर लॅबपासून इथवर वायर ओढली, तिचाच दोष असावा. मॅडम रजेवर, लॅबला कुलूप. कॉम्प्युटर चालू ठेवून घरी आलो.

१० जानेवारी, शुक्रवार
मॅडम हजर. लॅबमधून दहावीचं प्रॅक्टिकल संपवून आल्या आणि म्हणाल्या, थँक यू सर, मुलांना वाटून टाकले. काय ते विचारलं नाही. हरल्याची कबुली असावी.

११ जानेवारी, शनिवार
वर्गात मुसैब म्हणाला, "सर, चौथ्या प्रश्नात त्रिज्याच दिली नाय." मी म्हटलं, पुस्तक नीट वाच. तासानंतर स्टाफरूमच्या कॉम्प्युटरवर पाहिलं तर माझ्या पेपरातही राहिलीय. योगायोग. दुरुस्त केली, 'सराव' काढलं. प्रिंटर अजून ढिम्म, म्हणून दुपारच्या एसटीने फ्लॉपी घेऊन महाडच्या प्रेसला. हेडसरांना सांगणार, प्रिंट मीच आणली. खोटं नाही.

२० जानेवारी
प्रिलिम. पेपर हातात पडायच्या आधीच तिघांनी लिहायला सुरुवात केली. आत्मविश्वास! माझ्या शिकवण्याचं फळ.

२७ जानेवारी
हेडसरांनी बोलावलं. टेबलावर 'सराव'च्या उरलेल्या तीन प्रती. मॅडमनी समजावलं : ती खूण लॅबच्या प्रिंटरवर होती. त्यांनी लॅब उघडताच सगळ्या प्रती तिथे निघाल्या. त्यांना वाटलं, सरांनी सरावाला पाठवल्या.
मी म्हटलं, पेपर फुटला, पण चूक खुणेची.
हेडसर शांतपणे म्हणाले, फुटल्याचं सोडा. दहा दिवस पेपर घरात असून एकेचाळीसात सात पास. गणित कोण शिकवतं?
फार लागलं.
मॅडमनी खूण बदलून दिली. आता स्टाफरूमचा प्रिंटर चालतो. पहिलं पान निघालं ते नोटिशीचं : दहावी गणित, जादा तास, रोज सकाळी सात. खाली माझं नाव.