तुसाच्या पिशव्या

भाद्रपद वद्य षष्ठी, शके १८५६. दिवेलागण.

रेवदंड्याहून सायकलवर येताना भरतीचं पाणी रस्त्यावर आलं होतं. तोंडात शाळेतली आर्या होती, चाक सरळ पाण्यात गेलं. ही असती तर म्हणाली असती, "अहो, तुमची आर्या संपेपर्यंत खाडीनं थांबायचं होतं का?"

आल्याबरोबर बूट गोड्या पाण्यानं धुतले. खार राहिला तर कातडं सुकत नाही, हे तिचंच शिकवणं. मग ती भाताचं तूस तव्यावर कोमट करून दोन पिशव्यांत भरायची आणि बुटांत दडपायची. सकाळी पाय कोरडे.

वैशाखात ती गेली. गेल्या पावसात तिनं भरलेल्या पिशव्या फडताळात होत्या. गाठ तिच्या हातची, म्हणून सोडली नव्हती. आज त्या तशाच बुटांत घालाव्यात म्हणून फडताळ उघडलं, तर रिकामं.

सूनबाईला विचारलं.

"तुसात किडे झाले होते, मामंजी. कोंबड्यांपुढे टाकलं. पिशव्या धुतल्यात, ताजं भरून देऊ?"

बिचारीचं काय चुकलं? दे म्हटलं. तिनं तूस कोमट केलं, भरलं, गाठ मारली. चांगली घट्ट गाठ आहे. आमच्या हिची गाठ मात्र एका ओढीत सुटायची. माझी बोटं आखडतात म्हणून ती तशी मारायची.

बूट सुकतील सकाळपर्यंत.

ती गाठ सोडायला सूनबाईला कितीसा वेळ लागला असेल? एक ओढ, बस.