कॉम्प्युटरचं कव्हर

बंगलोर, खंडेनवमी, १९९७. संध्याकाळ

आज मुक्ताने मला पकडलं. रागावली नाही, हेच जास्त लागलंय.

तिला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम हवा होता, खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे आहे तसा. मीच ऐटीत म्हणालो, खेळाचा दोन दिवसांत कंटाळा येईल, त्यापेक्षा कॉम्प्युटर घेऊ, अभ्यासाला होईल. बारा वर्षांची पोर इथल्या कानडी ढंगात "सरी बाबा", म्हणजे 'बरं बाबा', म्हणाली. कॉम्प्युटर आल्यावर मी वर नियमही केला, की त्यावर खेळायचं नाही. बायकोने, सुमनने, त्याला फुलाफुलांचं कव्हर शिवलं. आणि मी? पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून येतो तेव्हा मुक्ता शिकवणीला आणि सुमन देवळात गेलेली असते. तेवढ्यात ते कव्हर काढून पत्ते खेळत बसतो. रोज. अभ्यासाला म्हणे.

आज पूजेला मी माझा मापं घ्यायचा व्हर्निअर पाटावर मांडला, सुमनने तिची कात्री. मुक्ताने कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घातली. मी बजावलं, "आज हत्यारांना विश्रांती. कुणी हात लावायचा नाही."

सुमन नैवेद्य आणायला आत गेली, तशी मुक्ता हळूच म्हणाली, "मग बाबा, आज पत्ते नका खेळू."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुम्ही कव्हर उलटं घालता. फुलं खाली डोकं करून असतात. आईला कळू नये म्हणून मी सरळ करून ठेवते."

कॉम्प्युटर आल्यापासून व्हिडिओ गेमचं तिने एकदाही नाव काढलेलं नाही.