हाडांवरच्या गाठी

६ जाने., केनवड
अकोल्याच्या डॉक्टरांचा फोन. अंदाज होता तेच. माझ्या हाडांवरच्या गाठी बाबांकडून आलेल्या, जनुकातूनच. पेशीच्या अंगावर हेपरान सल्फेटच्या साखळ्या असतात, साखरेच्या, लांबच लांब. वाढीचे निरोप त्या जागच्या जागी धरून ठेवतात. माझ्यात त्या कमी. मग निरोप भलतीकडे, आणि नको तिथं हाड.
कॉलेजातून खोलीवर आले. सांगायला कोणी नाही. भात लावला. एकटीचा.

११ जाने., अनसिंग
घरी सांगितलं, लेकरात यायची शक्यता निम्मी. सुधीरशी लग्न ठरलंय; साक्षगंधाआधी, म्हणजे साखरपुड्याआधीच, त्याला सांगणार.
आई भडकली. "कायले सांगतं? तुह्या बाबाले नाई का गाठी? सारी नोकरी केली त्याईनं."
बाबा उठून बाहेर गेले. आपल्यामुळं, असं वाटलं असेल का त्यांना...

१७ जाने.
सुधीर किन्हीराजाहून वाशीमला आला. चहाच्या हॉटेलात सगळं सांगितलं. त्याचा हात धरून माझ्या मनगटावरच्या गाठीवर ठेवला. त्यानं हात लगेच काढला नाही.
"दुखते का?"
"धक्का लागला का दुखते."
"अन् लेकराले?"
"झाल्या तर कोणाले दोन-चार, कोणाले अंगभर. आधी सांगता येत नाई."
"मले थोडा टाइम दे."
चिडला असता तर सोपं गेलं असतं.

२४ जाने.
सुधीरचा फोन नाही. स्टाफरूममध्ये सगळ्या साक्षगंधाच्या साडीचा रंग विचारतात. काहीतरी सांगते.
बारावीला पेशी शिकवत होते. फळ्यावर पेशीबाहेर त्या साखळ्याही काढल्या. एक पोरगी म्हणाली, "मॅडम, हे परीक्षेले येते का?"
"नाही."
कोणीच उतरवून घेतलं नाही.

३० जाने.
सुधीरचा फोन. त्यानं आईला सांगितलं. ती नाही म्हणते.
"अन् तू?"
"परवा अनसिंगले येतो. तुह्या बाबाशी बोलाचं हाये."
काय बोलायचं, विचारायची हिंमत झाली नाही.
बाबांना कळवलं. मला वाटलं, गप्प राहतील. म्हणाले, "येऊ दे. काय सोसावं लागलं ते सांगतो त्याले. अन् तू झाली तवा किती खूश झालतो, ते बी."