ती दाराकडे बघते, एवढीच उणीव

३ ऑक्टोबर, पालिच

बसस्टॉपवर दुन्याने माझ्या हातातली पिशवी हिसकावून घेतली आणि म्हणाली, आलास ना, मग आता तोंड पाडून चालू नकोस. त्या क्षणी सगळं बदललं. सकाळपर्यंत मी नोवी सादच्या कॉलेजातून अर्धवट पळालेला, आईच्या शिव्या खाणारा ओग्न्येन होतो. दुपारी नोकरदार झालो. नोकरी काय, तर टीव्हीसमोर बसून टेनिसचा गेम खेळायचा आणि काय जमलंय, काय फसलंय ते मोठ्यानं सांगायचं. गेममधली खेळाडू म्हणजे दुन्याच. गुडघा जायच्या आधी ती ज्युनिअरमध्ये गाजली होती. तिच्या अंगाला ठिपके चिकटवून तिची प्रत्येक हालचाल यंत्रात उतरवलीय. आज माझ्याही अंगाला चिकटवले, पुढेमागे पुरुष खेळाडू लागेल म्हणून. खूप हसलो.

घर तळ्याकाठी, खाली काम, वर आमच्या खोल्या. मालक मिलोराद सगळ्यांना, मुलींनासुद्धा, 'पोरा' म्हणतो. त्याचा एकच नियम: दार लावा. वाऱ्याचा झोत लागला की मान धरते, मूत्रपिंडं जातात, माणूस संपतो. माझ्या आईचंही हेच. दुन्याने माझ्या कपाटावर बिहीचं पिवळं फळ ठेवलं, वासासाठी. बिहीलाही आम्ही दुन्याच म्हणतो. ती म्हणाली, मी नसले तरी ही असेल. म्हणजे काय, ते विचारायचं राहिलं.

६ ऑक्टोबर

गेम भारी आहे, खोटं कशाला बोलू. लाल मातीवर पाय घसरत जातो तो अगदी खरा. चेंडू रॅकेटच्या मधोमध बसला तर कंट्रोलर तळहातात असा थरथरतो की डोळे मिटूनही कळावं. सर्व्हिस जमायला घाम निघतो, पण जमली की सुटत नाही. उणिवाही आहेत. नेटजवळ गेलं की सगळा बट्ट्याबोळ, चेंडू आपोआप रॅकेटला चिकटतो. प्रेक्षकांत तोच एक मिशीवाला जिकडेतिकडे. आणि दुन्या डावा पाय चोरते. हे शेवटचं मी दबकतच सांगितलं. मिलोराद म्हणाला, पोरा, तोंड सोडून बोल, शिव्या घाल. गोड बोलणारे मला पुष्कळ आहेत.

९ ऑक्टोबर

पाय सुधारला. पडद्यावर दुन्या वाऱ्यासारखी धावते. आणि गंमत बघा, खरी दुन्याही आज जिना धडाधड पळत चढली! बुरेक खाताना गुडघा चोळत म्हणाली, दुखत नाही रे, पण माझा वाटतही नाही. मी म्हटलं, बाईसाहेब, कुरकुर करायला तुला कारण लागतच नाही.

१२ ऑक्टोबर

ती जाणार आहे. परदेशी, ग्रात्सला, मुलांना टेनिस शिकवायला. मी म्हटलं, आणि मी? म्हणाली, तुझं डोकं तापलंय, थंड झालं की बोलू.

थंड कसलं होतंय. खाली गेलो, खेळलो, आणि मिलोरादला ओरडून सांगितलं, ही बाई आहे की बाहुली? तीन सेट खेळून घामाचा थेंब नाही. कधी हसत नाही. आणि पॉइंट संपला रे संपला की मैदानाच्या दाराकडे बघते, जशी जायची घाई झालीय! मिलोराद खूश. म्हणाला, काढू, पोरा, एकेक करून सगळं काढू.

१५ ऑक्टोबर

घाम आला. पडद्यावर सुंदर दिसतो.

जेवताना दुन्यालाही आला. कपाळावर त्याच जागी थेंब फुगतो, नाकाच्या त्याच बाजूनं उतरतो, शेंड्यावर थांबतो, टपकन घेवड्याच्या पातेल्यात. पुसला की पुन्हा. कोमट, चिकट, गोंदासारखा. मिलोराद त्याच पातेल्यात पाव बुडवून मिटक्या मारत होता. मी वाडगा सारला.

१७ ऑक्टोबर

दुन्याला हसूही आलं. प्रत्येक वाक्यानंतर, तेवढंच लांब, हिरड्या दिसेपर्यंत. स्वतःची आई आजारी आहे हे सांगतानाही.

आणि तिनं माझं चुंबन घेतलं. ज्यासाठी कॉलेज सोडलं, ते हे. ओठ उन्हात राहिलेल्या रबरासारखे. थेंब माझ्या तोंडात पडला. त्यात मीठ नव्हतं. मागच्या अंगणात जाऊन भडाभडा ओकलो.

मिलोरादला म्हटलं, मागे घे सगळं. ते दाराचं तर राहूच दे. म्हणाला, तूच तर सांगितलंस, पोरा. घाम सगळ्यांना आवडलाय. आणि ती जायला तुला नकोच होती ना?

नकोच होती. हो.

१९ ऑक्टोबर

दाराचं काम उद्या. दुन्या अजून बघते दाराकडे, चोरून. मी हात जोडले, बाई, आजच जा. म्हणाली, बॅग भरलीय, तिकीट सकाळचं आहे. आणि हसली.

२० ऑक्टोबर

उशीर झाला.

बॅग उंबऱ्याशी, दार सताड उघडं. मी तिचा दंड धरून ओढलं — हात ओल्या साबणावरून घसरावा तसा सुटला — ते बघ, दुन्या, दार, ते! ती भिंतीकडे बघावं तशी बघत राहिली. म्हणाली, कुठलं दार? मग म्हणाली, झोत येतोय रे कुठून तरी. हसली.

कपाटावरची बिही सडली. तपकिरी पाणी गळतंय. या घरात नीट सडणारी तेवढी एकच वस्तू.

२१ ऑक्टोबर

निघालो. एकटाच. तिला तशीच टाकून. शी. माझीच मला किळस —

दार ओढून लावलं. पायरीवर बसलोय, समोर फाटक. बस येईल.

आतून दुन्याचा आवाज. मिलोराद विचारतोय, नवा पुरुष खेळाडू कसा वाटतो? ती सांगतेय, फोरहँड झकास. राग तर अगदी खरा उतरलाय. उणीव एकच, हा डाव अर्धवट टाकून पळतो —

मिलोराद म्हणाला, मग हे लगेच काढू —

कपाळावर काहीतरी. पुसलं. पुन्हा, त्याच जागी —

फाटक कुठे आहे? आत्ता इथेच —

पाठीमागे घराचं दार मात्र उघडं दिसतंय. मी लावलं होतं. झोत लागेल त्यांना. जाऊन लावून घेतलं पाहिजे. आतून —